राखेच्या पट्ट्यातलं वावर, कोको अन् कॅडमियम: धातू कोणत्या वाटेनं येतो ते आधी पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. वावर नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या पट्ट्यात, तिथल्या कोळशाच्या राखेच्या तलावापासून दीड-दोन किलोमीटरवर, अडीच एकर संत्रा, राहिलेल्यात पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) अन् हिवाळ्यात थोडी जवस. रोपवाला संत्र्याच्या सावलीत कोको लावा म्हणून मागं लागला, तेवढ्यात तुम्ही चॉकलेटमधल्या कॅडमियम-शिशाचं वाचलं, अन् आता विचारून राहिले की राखेच्या मातीतला कोको रिजेक्ट होईल काय, चुना टाकून भागेल काय, अन् मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं नॉर्मल आहे तर मग काळजी कायची.

कोकोचं आधी उरकून घेतो. नका लावू. धातू राहू द्या बाजूला, आपली हवाच त्याला चालत नाही. कोकोला वर्षभर ओलावा, दमट हवा अन् गच्च सावली लागते, पाऊस पंधराशे-दोन हजार मिलिमीटर अन् तोही महिन्यामहिन्यांत वाटून. म्हणून आपल्या देशात तो केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, आंध्रात नारळ-सुपारीच्या बागेत दिसतो. नागपूरकडं पाऊस हजार-अकराशे, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत, अन् मे महिन्यात पारा ४५ च्या वर, २३ मे २०१३ ला तर ४७.९ नोंदला गेला. शिवाय संत्र्याला आपण बहार धरायला ताण देतो, पाणी तोडतो, तो ताण कोकोला सोसत नाही. एकाच बगीच्यात दोघांचं जमणार नाही, रोपांचे पैसे वाचवा.

पण तुम्ही जे वाचलं ते खरं आहे अन् त्यात आपल्या वावरासाठी कामाची गोष्ट आहे म्हणून थोडं खोलात सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं २८ डार्क चॉकलेटं तपासली, सगळ्यांत कॅडमियम अन् शिसं दोन्ही सापडलं, अन् त्यातल्या २३ मध्ये ते इतकं होतं की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, खाल्लं तरी दोन्हीपैकी निदान एक धातू त्यांनी धरलेल्या पातळीच्या वर जातो. युरोपनं तर त्याआधीच, १ जानेवारी २०१९ पासून, चॉकलेटमधल्या कॅडमियमला मर्यादा लावल्या, ५० टक्के किंवा जास्त कोको असलेल्या डार्क चॉकलेटला ०.८ पीपीएम (म्हणजे किलोमागं ०.८ मिलिग्रॅम), ग्राहकाला विकायच्या कोको पावडरला ०.६. तेव्हापासून इक्वेडोर, पेरू, कोलंबियाचे शेतकरी हैराण आहेत, कारण तिकडच्या काही भागांत जमिनी तरुण आहेत, ज्या खडकापासून अन् गाळापासून माती झाली त्यातच कॅडमियम आहे. पश्चिम आफ्रिकेतली माती जुनी, झिजलेली, तिथल्या कोकोत ते कमी निघतं. कारखाना नाही, राख नाही, तरी बियांत कॅडमियम. झाड ते मुळातून उचलतं, पान गळलं की पानातलं परत वरच्या थरात येतं अन् मुळं पुन्हा उचलतात.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. शिसं मातीला घट्ट धरून बसतं, मुळातून दाण्यापर्यंत फार कमी चढतं. २००५ मध्ये नायजेरियातल्या कोकोवर अभ्यास झाला होता, त्यात सोललेल्या बियांत शिसं अगदी नगण्य निघालं अन् टरफलावर मात्र खूप जास्त. फळ फोडल्यावर बिया ओल्या, चिकट असतात, त्या रस्त्याकडेला, अंगणात वाळत घातल्या की धूळ चिकटते. म्हणजे एकाच बीत दोन धातू अन् दोघांची दारं वेगळी, एक मुळाकडून आला, दुसरा खळ्यावरून. अन् दार वेगळं की इलाजही वेगळा. चुना टाकून कोकोतलं शिसं कमी होणार नाही अन् ताडपत्री अंथरून कॅडमियम कमी होणार नाही.

हळदीतही असंच आहे. हळदीच्या वायगावकडचे ओळखीचे शेतकरी विचारतात की हळदीत शिसं निघालं म्हणून बातम्या येतात, ते मातीतून येतं का. बांगलादेशातल्या हळदीवर २०१९ मध्ये जे काम प्रसिद्ध झालं त्यात शिशाचं मूळ सापडलं पॉलिशच्या वेळी रंगासाठी लावलेल्या लेड क्रोमेटमध्ये. शेतकऱ्याच्या वावराचा त्यात दोष नव्हता.

आता तुमच्या वावराकडं येतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कोकोचा नाहीच, जे पीक आज तुम्ही काढून राहिले, विकून राहिले अन् घरी खाऊन राहिले त्यात काही येतं का, हा आहे. अन् यायचंच असेल तर तुमच्याकडं चार वाटा आहेत: हवेतून पानावर बसणारी राख, मातीत मिसळून मुळातून येणारं, विहिरीच्या पाण्यातून येणारं अन् आपणच खतातून टाकलेलं. या चार वाटा वेगवेगळ्या केल्याशिवाय कोणताही उपाय सांगणं मला बरोबर वाटत नाही.

पत्रिकेचं आधी. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता अन् सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, पारा यातलं काहीच त्यात तपासलं जात नाही. त्यामुळं पत्रिका नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की खतापुरतं वावर नॉर्मल आहे. तरी पत्रिका फेकू नका, तिच्यातला सामू, जस्त, कर्ब अन् बोरॉन हे चार आकडे पुढं फार लागणार आहेत.

सामू यासाठी की कॅडमियम आम्लधर्मी मातीत मोकळं होतं अन् विम्लधर्मी, चुनखडीच्या मातीत बसून राहतं. तुमचा पट्टा जर खरी काळी माती असेल, सामू आठच्या आसपास, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी, तर ती चिकणमाती कॅडमियम-शिसं बरंच धरून ठेवते, अन् ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू आहे. पण विदर्भ म्हणजे सगळी काळी माती नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं धानाच्या बांध्यांतली हलकी माती बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे, तिथं तेवढंच कॅडमियम जास्त त्रास देईल. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात सामू जास्त आहे खरा पण क्षार आहेत, अन् क्लोराइडच्या क्षारांसोबत कॅडमियम सहज हलतं. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या भावानं काय केलं ते पाहून आपलं ठरवू नका.

चुन्याचं उत्तर यातच आलं. चुना, डोलोमाइट हे कोकोच्या आम्लधर्मी जमिनींसाठी सांगितलेले उपाय आहेत, तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडचे लोक ते काळ्या मातीत टाकायला निघतात. आठ सामूच्या मातीत चुना टाकून कॅडमियमवर काही फरक पडणार नाही, उलट जस्त अन् लोह आणखी अडकेल अन् संत्र्याची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतील.

अन् इथं एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते कारण राखेच्या बाबतीत लोक नेमकी तीच विसरतात. जास्त सामू कॅडमियम-शिशाला दाबतो, पण आर्सेनिक, सेलेनियम अन् सहा संयुजेचं क्रोमियम यांना दाबत नाही, ते विम्लधर्मी मातीत उलट मोकळे राहतात. कोळशाच्या राखेत हे सगळे थोडेथोडे असतात, अन् बोरॉनही असतं. बोरॉन जड धातू नाही, पण संत्रा बोरॉनला फार नाजूक, पाण्यात ०.५ ते ०.७५ पीपीएमच्या वर गेलं की झाडाला त्रास सुरू होतो. जुन्या पानांची टोकं आधी पिवळी पडतात, मग करपतात, नवी पालवी मात्र चांगली दिसते. बगीच्यात असं दिसत असेल तर कॅडमियमच्या आधी विहिरीचं पाणी बोरॉनसाठी तपासा. त्याच बाटलीतून क्षारता, सल्फेट, आर्सेनिक अन् फ्लोराइडही करून घ्या. राखेच्या तलावाचं पाणी झिरपत असेल तर सल्फेट अन् क्षारता वाढलेली दिसते, शेजारच्या लांबच्या विहिरीशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. घरचे लोक तेच पाणी पीत असतील तर आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, त्याच्या वर निघालं तर शेतीचं नंतर पाहा, पिण्याचं पाणी त्याच दिवशी बदला.

आणखी एक, तुमचं वावर कोणत्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, त्या वेळी ज्या वावरात राखेचं पाणी शिरलं तिथं राखेचा थर बसला, ते प्रकरण उडणाऱ्या धुळीपेक्षा फार वेगळं. तसं असेल तर खाली जे नमुन्याचं सांगतो ते थर जिथं दिसतो तिथलं वेगळं अन् बाकीचं वेगळं करा, एकत्र मिसळू नका.

खताचं गणित पाहा, कारण रासायनिक खतानंच सगळं कॅडमियम येतं असंही लोक छातीठोक सांगतात. स्फुरदाची खतं ज्यापासून होतात त्या रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असतं हे खरं, गाळाच्या खडकातलं असेल तर जास्त. युरोपनं २०२२ पासून एक किलो स्फुरदामागं ६० मिलिग्रॅमची मर्यादा लावली आहे. समजा आपली डीएपी त्या मर्यादेच्या काठावरची आहे. ५० किलोच्या बॅगेत २३ किलो स्फुरद, म्हणजे एका बॅगेत जवळपास १.४ ग्रॅम कॅडमियम. एका एकरात वरच्या १५ सेंटीमीटर थरात ढोबळमानानं आठ लाख किलो माती असते. वर्षाला दोन बॅगा प्रमाणं ३० वर्षं टाकल्या तर ८३ ग्रॅम, म्हणजे मातीत वाढ झाली ०.१ पीपीएमची. स्वच्छ मातीत कॅडमियम बहुतेक वेळा अर्ध्या पीपीएमच्या आतच असतं, त्यामुळं ०.१ ही वाढ सोडून देण्यासारखी नाही, पण त्यानं एका हंगामात वावर खराब होत नाही. मला डीएपीपेक्षा जास्त भीती वाटते ती स्वस्तातल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बॅगांची अन् कुठून आलं ते माहीत नसलेल्या शहरी कंपोस्टची. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियम ५ अन् शिसं १०० पीपीएमची मर्यादा आहे, झिंक सल्फेटलाही कॅडमियम अन् शिशाच्या मर्यादा आहेत, पण बिना बिलाच्या, बिना लेबलच्या मालात त्या पाळल्या आहेत याची काहीच खात्री नसते. पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका.

आता नमुना. इथं घाई केली की लॅबचे पैसे पाण्यात जातात. आपण सवयीनं जस्ताच्या पत्र्याचं घमेलं घेतो अन् रंग दिलेल्या फावड्यानं माती काढतो, जड धातूंसाठी हे दोन्ही चालत नाही, पत्र्याचं जस्त अन् रंगातलं शिसं नमुन्यात जातं. स्टीलची खुरपी किंवा लाकडी पट्टी, प्लास्टिकची बादली, नवी प्लास्टिकची पिशवी. माती वर्तमानपत्रावर वाळवू नका, स्वच्छ प्लास्टिकवर सावलीत वाळवा. धुरा, पांदण, खताचा ढीग, गोठा, रोहित्राचा खांब इथून दहा-पंधरा पावलं आत राहा, अन् वावरात नागमोडी चालत पंधराएक ठिकाणची माती एकत्र करा. पण दोन थर वेगळे ठेवा: अगदी वरचे पाच सेंटीमीटर एक, अन् पंधरा ते तीस सेंटीमीटर दुसरा. वरच्या थरात धातू स्पष्ट जास्त अन् खाली कमी असेल तर ते वरून बसलेलं आहे, राख किंवा खत. दोन्हीकडं सारखंच असेल तर बहुतेक ते मातीचं स्वतःचं आहे.

अन् तिसरा नमुना विसरू नका, तुमच्यासारखीच माती असलेल्या पण तलावापासून लांबच्या, वाऱ्याच्या उलट दिशेच्या वावरातला. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा जास्त करून पश्चिम-वायव्येकडून येतो, ते ध्यानात ठेवून वावर निवडा. हा नमुना काहून लागतो तर आपली काळी माती बेसाल्टची आहे अन् बेसाल्टमध्ये निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच जास्त असतं. युरोपच्या १९८६ च्या नियमात, सांडपाण्याचा गाळ टाकायच्या जमिनीसाठी, निकेलची मर्यादा ३० ते ७५ पीपीएम आहे, विदर्भातल्या काळ्या मातीचा रिपोर्ट त्या तक्त्याशी लावला तर राखेचा कण न पडलेलं वावरही दूषित दिसू शकतं. शेतकरी असे रिपोर्ट घेऊन घाबरून येतात, अन् शेजारच्या स्वच्छ वावराचा आकडा समोर ठेवला की अर्धी भीती जाते, किंवा मग जी राहते ती खरी असते.

लॅबमध्ये सांगताना दोन टेस्ट मागा. एक एकूण धातू, म्हणजे माती तीव्र आम्लात विरघळवून केलेली, दुसरी डीटीपीएची, जी झाडाला मिळू शकेल तेवढा भाग दाखवते. नुसत्या एकूण आकड्यावर पिकाचं काही ठरवता येत नाही. एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांना मिळणारी राष्ट्रीय मान्यता) आहे का अन् ती मान्यता याच धातूंसाठी आहे का, हे दोन्ही विचारा, नुसती पाटी पाहू नका.

मातीपेक्षाही मला तुमच्या पालकाचा नमुना जास्त बोलका वाटतो. एकाच वाफ्यातला, एकाच दिवशी कापलेला पालक घ्या, दोन जुड्या करा. एक तशीच पिशवीत टाका. दुसरी बादलीत बुडवून, पानाच्या मागच्या बाजूनं अन् देठाच्या खाचेत बोट फिरवून, तीनदा पाणी बदलून धुवा, शेवटचं पाणी आरओचं वापरा. पहिल्या बादलीच्या तळाशी करडा, बोटाला गुळगुळीत लागणारा गाळ बसला तर तिथंच बरंचसं उत्तर मिळतं, आपली काळी माती चोळली तर चिकटते, राख चिकटत नाही. दोन्ही जुड्या लॅबला द्या. न धुतलेल्यात शिसं-क्रोमियम जास्त अन् धुतलेल्यात एकदम खाली आलं तर ती वाट हवेची आहे. धुवूनही कॅडमियम तेवढंच राहिलं तर ती मुळाची. रिपोर्ट ओल्या वजनावर आहे की वाळलेल्या वजनावर ते नक्की पाहा. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) पालेभाजीची मर्यादा, कॅडमियम ०.२ अन् शिसं ०.३ पीपीएम, ही ताज्या भाजीवर आहे, पालकात ९० टक्क्यांच्या वर पाणी, म्हणून वाळलेल्या वजनावर आलेला आकडा दहापट किंवा त्याहून जास्त दिसतो अन् माणूस उगाच हादरतो.

पिकांचं सांगायचं तर पालेभाज्या अन् मुळा-गाजर यांना आधी लागतं, धूळही त्यांच्यावरच बसते. फळांत कमी जातं, संत्र्याची फोड तर सालीच्या आत असते, तुमच्या संत्र्याला धातूंपेक्षा राखेनं झाकलेल्या पानांचा अन् बोरॉनचा त्रास जास्त संभवतो. जवसाकडं मात्र लक्ष द्या. जवस कॅडमियम दाण्यात ओढून घेणाऱ्या पिकांत येते, सूर्यफूलही तसंच. तेल काढलं तर धातू तेलात फारसा जात नाही, ढेपेत राहतो, पण आपण जवसाची चटणी दाण्यासकट खातो अन् ढेप जनावराला घालतो. म्हणून जवसाचा दाणा एकदा तपासून घ्याच.

मुळाची वाट निघाली तर पहिला उपाय जस्त. कॅडमियम झाडात बरंचसं जस्ताच्याच वाटेनं शिरतं, मातीत जस्त कमी असलं की त्याला मोकळं रान मिळतं, अन् आपल्याकडं जस्ताची कमतरता सर्रास आहे. पत्रिकेत जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर एकरी दहा किलो चांगलं झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. सेंद्रिय कर्ब वाढवा, कुजलेलं शेणखत, हिरवळीचं खत, जे जमेल ते, त्यानं धातू बांधला जातो. सामू खाली आणायला कुणी गंधक किंवा आम्ल सांगितलं तर रिपोर्ट येईपर्यंत थांबा. मोहरी धातू ओढून घेते, ती लावून दोन वर्षांत माती साफ होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, या गतीनं दशकं लागतात अन् कापलेली मोहरी टाकायची कुठं हा प्रश्न राहतोच.

हवेची वाट निघाली तर तलावाच्या बाजूच्या धुऱ्यावर दाट रांग लावा, बांबू किंवा करंज, खाली बुडापासून भरलेली. वाफ्यांत आच्छादन ठेवा म्हणजे पावसाचा थेंब माती-राख पानावर उडवणार नाही. पाण्याची वाट स्वच्छ निघाली असेल तर काढणीच्या आदल्या संध्याकाळी तुषारनं पानं धुवून घ्या, अन् बाजारात न्यायच्या आधी भाजी स्वच्छ पाण्यात धुवा. जवस, तूर, मिरची उघड्या अंगणात वाळत घालू नका, ताडपत्रीवर घाला अन् वारा सुटला की झाका. ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार द्यायची असेल तर हेच दोन थरांचे, स्वच्छ वावराचे अन् धुतल्या-न धुतल्या पालकाचे रिपोर्ट सोबत लावा, नुसत्या फोटोपेक्षा त्याला वजन राहतं.

रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर घरच्यासाठी पालक-मेथी तीन पाण्यांनी धुवून वापरा, लहान लेकरं असतील तर त्यांच्यासाठी विशेष. अन् पैसे एकदम सगळ्या टेस्टला पुरत नसतील तर क्रम असा लावा: आधी विहिरीचं पाणी, मग पालकाच्या दोन जुड्या, मग जवसाचा दाणा, अन् माती सगळ्यात शेवटी. आकडे आले की सामूसकट इथं टाका, कोणत्या वजनावर आहेत ते लिहायला विसरू नका, मी पाहून सांगतो.